जाळं, गळ, सापळा: या चुका टाळा

नवं जाळं घेतलेला माणूस चार दिवसांत हमखास विचारतो, "मासा का लागत नाही?" मी त्याला उलट विचारतो, तुझं जाळं मासा धरतं कसं? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं.

कल्लेजाळं माशामागे धावत नाही. ते पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं, मासाच त्यात शिरतो. डोकं आसातून, म्हणजे जाळ्याच्या एका चौकटीतून, पार होतं, धड अडतं, मागे सरकायला गेला की सूत कल्ल्यांत रुततं. त्यामुळे आसाचं माप चुकलं की सगळंच चुकलं.

एका तरुणाला मी 60 मिमी आसाचं जाळं घ्यायला सांगितलं होतं. त्याने ते तीन रात्री टाकलं. सकाळी ओढावं तर दोन-चार मासे, तेही पंखांचे काटे सुतात गुंतलेले. तो जागा बदलायचं म्हणू लागला. मी जाळं मांडीवर घेतलं, एक आस ताणून पट्टी लावली. 120 भरला! मी सांगितलेलं माप ताणलेल्या आसाचं, म्हणजे समोरासमोरच्या दोन गाठींमधलं होतं. त्याला मिळालं ते एका बाजूचं, शेजारशेजारच्या गाठींमधलं. ताणलेला आस बाजूच्या दुप्पट असतो. नेमके हवे ते मासे तीन रात्री आरपार निघून गेले होते. "ताणलेला" हा एक शब्द मी उच्चारला नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून मी जाळं भिजवून, ओळीने दहा आस ताणून मोजतो आणि दहाने भागतो. लागलेला मासाही निरखतो. कल्ल्यांच्या लगेच मागे खवले निघून सुताची रेघ उमटली असेल तर माप बरोबर. रेघ पार पाठीच्या पंखापाशी गेली असेल तर त्या माशाला आस मोठा पडतोय. बारानोव्ह या रशियन मत्स्यशास्त्रज्ञाने कल्लेजाळ्यांचं गणित मांडलं. त्यातला ढोबळ नियम असा की आसात नेमका बसणाऱ्या माशाहून लांबीला 20 टक्क्यांनी लहान किंवा मोठा मासा क्वचितच लागतो. तेव्हा "एकाच जाळ्यात सगळं" ही आशा सोडा.

दुसरी चूक लोभाची आहे. 100 मीटर ताणलेलं जाळं साधारण 50 मीटर दोरावर भरतात, म्हणजे तेवढ्या दोराला चुणून बांधतात, त्यामुळे आस उभट राहतात आणि जाळ्याला ढिलाई मिळते. घाईतला माणूस तेच 80 मीटरवर ओढून बांधतो, लांबी वाढली म्हणून खूश होतो. पण ताणून 5 मीटर खोल असलेलं जाळं 50 मीटर दोरावर सुमारे 4.3 मीटर उभं राहतं, 80 मीटरवर जेमतेम 3. वर ते इतकं ताठ होतं की मासा धडकून परत फिरतो. हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. जाळं पुरत नसेल तर लहान जाळं टाका, पण नीट भरलेलं टाका.

गोल गळाला झटका देऊ नका. त्याचं टोक आत वळलेलं असतं, दोरी सावकाश ताणली की तो जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटक्याने तोंडातून निसटतो.

सापळ्याचं तोंड आत निमुळतं असतं, म्हणून मासा शिरतो पण वाट सापडत नाही. जास्त शिरावेत म्हणून ते आतलं टोक कापून मोठं करणारे मी पाहिलेत. शिरतात तसे निघूनही जातात.

ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, शेपटाकडच्या पिशवीवर दुसरी जाळी चढवू नका. ओढीखाली आस आधीच मिटतात, त्यात दुहेरी आवरण म्हणजे पिल्लांना सुटायला फटच उरत नाही. उद्याचा मासा आजच मरतो.

आणि सापळ्याची एक झडप साध्या सुती दोऱ्याने बांधा. नायलॉन पाण्यात कुजत नाही. हरवलेला सापळा मासे धरतच राहतो, आत मेलेले मासे पुढच्यांना आमिष होतात. सुती दोरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुजतो, झडप उघडते. मी तो दोरा प्रत्येक वेळी नवा बांधतो.