हाताने घडवलेल्या पेनसाठी पितळी नळी निवडताना

लेथवर लाकडी बॉलपेन घडवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांचे सारे लक्ष लाकडाच्या जातीकडे आणि पॉलिशकडे असते. लाकडाच्या भोकात चिकटवलेली आतली पितळी नळी त्यांना किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पेनचे टोक, रिफिल फिरवणारा भाग आणि क्लिप हे सारे लाकडात नव्हे, तर या नळीत दाबून बसवले जाते, त्यामुळे पेन किती वर्षे चालेल हे बऱ्याच अंशी नळीच ठरवते. सुट्या भागांच्या संचाबरोबर नळ्या येतात हे खरे. पण लाकडाचा ठोकळा तडकला की जास्तीची नळी लागते, आणि सुटे भाग घाऊक घेऊ लागल्यावर नळी स्वतःच शोधावी लागते.

‘स्लिमलाइन’ या प्रचलित बारीक पेनसाठी ठोकळ्याला ७ मिमीचे भोक पाडतात, म्हणून नवशिके बाजारात ‘७ मिमीची नळी’ मागतात. ही मागणी अपुरी आहे, कारण तेवढ्याने केवळ बाहेरचा व्यास कळतो. जाडी २८ गेज, म्हणजे सुमारे ०.३८ मिमी असेल तर आतला व्यास ६.२५ मिमीच्या आसपास राहतो. तीच नळी २२ गेजची, म्हणजे जास्त जाड, घेतली तर तो ५.६ मिमीपर्यंत उतरतो आणि सुटे भाग आत शिरतच नाहीत. इंचातल्या मापाचाही असाच घोटाळा होतो. ९/३२ इंचाची नळी ७.१४ मिमी भरते, म्हणजे ७ मिमीच्या भोकात ती जात नाही. भोक मोठे करून बसवली, तरी पातळ नळीत सुटे भाग सैल पडतात.

म्हणून मी दुकानात जाताना व्हर्निअर (व्यास मोजायचे साधन) आणि संचातले पेनचे टोक सोबत नेतो. टोकाची निमुळती कड नळीत जेमतेम शिरून थांबली, तर माप योग्य आहे. बोटाच्या दाबाने ते आत सरकत असेल, तर ती नळी घेऊ नये. व्यास एकाच जागी न मोजता नळी काटकोनात फिरवून पुन्हा मोजावा, म्हणजे ती लंबगोल झाली आहे का ते कळते. आतून उजेडाकडे धरून पाहिल्यावर जोडाची उभी रेघ दिसली तर ती नळी बाजूला ठेवावी. या कामाला सीमलेस, म्हणजे बिनजोड, ओढून काढलेली नळीच हवी.

मुंबईत गुलालवाडी आणि किका स्ट्रीट हा धातूंचा जुना बाजार आहे, पुण्यात चौकशीची सुरुवात बोहरी आळीपासून करावी. पुण्याच्या तांबट आळीकडे अनेक जण बोट दाखवतात. तिथले कारागीर पत्रा ठोकून भांडी घडवतात आणि त्यांचे कसब थोर आहे, पण बारीक नळी हा त्यांचा माल नव्हे. पितळ बहुधा वजनावर विकले जाते. २८ गेजची ७ मिमी नळी एका किलोत सुमारे १५ मीटर बसते, २२ गेजची साडेआठ मीटरही भरत नाही. तेव्हा किलोचा भाव सारखा असला तरी पातळ नळीत पेन जवळजवळ दुप्पट होतात. एका स्लिमलाइन पेनला साधारण ५३ मिमीचे दोन तुकडे लागतात, त्यात करवतीची घट धरावी. पहिल्या खेपेला एकच लांबी घ्यावी आणि तिच्यातून एक पेन पूर्ण करून मगच किलोचा विचार करावा.

नळी ओढताना वापरलेले तेल तिच्यावर राहिलेले असते आणि ते न काढता चिकटवल्यास सांधा सुटतो. तुकडे कापल्यावर आतली धारदार कड काढावी, बाहेरून पॉलिश पेपरने आडवे ओरखडे पाडावेत आणि मग थिनरने पुसावे. चिकटवताना टोकांना मेण लावले, तर गोंद आत जात नाही. ठोकळा मात्र पूर्ण सुकलेलाच हवा, कारण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात लाकूड फुगते-आक्रसते, पितळ त्या मानाने जागचे हलत नाही, आणि ओल्या लाकडाला नळीवरच चीर जाते.

फाउंटन पेनकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनमध्ये आटे थेट दांड्यात पाडतात, तिथे नळी लागत नाही. आणि शाई पितळाला गंजवते, म्हणून शाई साठवण्यासाठी उघडी पितळी नळी कधीही वापरू नये.