गर्भ राहण्याआधीच फोलेटची तजवीज कशी करावी

फोलेट, म्हणजेच बी-९ जीवनसत्त्व, नव्या पेशींचा डीएनए घडवण्यासाठी लागते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या चेतानलिकेतून तयार होतात, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते आणि तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात नाव नोंदवून गोळ्या सुरू केल्या, तर या कामासाठी उशीर झालेला असतो. म्हणून घरातील सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही ही गोष्ट आधीच समजून घेतली पाहिजे.

मूल हवे असे ठरताच आशाताईंना किंवा नर्सबाईंना भेटून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची (म्हणजे गोळीच्या रूपातील फोलेटची) गोळी सुरू करावी आणि गर्भ राहिल्यावर बारा आठवड्यांपर्यंत ती चुकवू नये. गोळीच्या पाकिटावरचा आकडा अवश्य वाचावा, कारण औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारा पटींहून अधिक मात्रेची असते. ती डॉक्टरांनी सांगितल्यासच घ्यावी. आधीच्या बाळाला मेंदूचे किंवा मणक्याचे जन्मजात व्यंग असेल, फिट्सचे औषध चालू असेल किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल (गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटात तो अनेक घरांत आढळतो), तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. फिट्सचे औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मेंदूचे किंवा मणक्याचे असे व्यंग असलेले मूल आधी झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिल्याने ते पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले.

गोळीला जेवणाची जोड हवीच. फोलेट पाण्यात उतरते आणि फार शिजवल्याने नष्ट होते; त्यामुळे भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि शिजवलेले पाणी फेकू नये. आपली पालकाची पातळभाजी या दृष्टीने उत्तमच, कारण तिच्यात डाळ, शेंगदाणे आणि पालकाचे पाणी असे सगळेच पोटात जाते. बरबटी (चवळी), हरभरा, तुरीचे वरण आणि संत्रीही आलटून पालटून खावीत. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा (कोशिंबिरीसारखा प्रकार) कच्चाच असल्याने त्यातले फोलेट टिकते. मात्र फवारणी झालेल्या शेतातला पाला त्यासाठी कधीही आणू नये.

चौथ्या महिन्यापासून सरकारी लाल गोळी रोज घ्यावी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते; ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळावा. शौचास काळी होते ती लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, विशेषतः घर शाकाहारी असेल, तर बी-१२ तपासून घ्यावे. नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ च्या कमतरतेने होणारी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

बाळाला सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. त्यानंतर पाणीदार नव्हे, तर घट्ट वरण आणि मऊ शिजवलेली पालेभाजी सुरू करावी आणि आशाताईंकडचे लोह-फोलिकचे सिरप आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर, पाच वर्षांचे होईपर्यंत पाजावे. सिकलसेल असलेल्या बाळाला मात्र ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे.