मिरज, कऱ्हाड की जत : डॉक्टरांनी पगाराची ऑफर कशी तपासावी

इंटर्नशिप संपत आली की ग्रुपवर आकडे फिरू लागतात. पुण्यात एवढे, विट्यात तेवढे, जतला गेलात तर आणखी वर. हे आकडे नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही. राहण्याचा खर्च वजा करायचा, उरलेल्या रकमेला प्रत्यक्ष ड्यूटीच्या तासांनी भागायचं, आणि मग दोन गावांची तुलना करायची.

आधी सरकारी नोकरी, कारण तिथे गावागणिक होणारा फरक कागदावरच मोजता येतो. वैद्यकीय अधिकारी गट-अ ची वेतनश्रेणी एस-20, म्हणजे मूळ वेतन 56,100 पासून. ते मुंबईत तेवढंच आणि शिराळ्यातही तेवढंच. महागाई भत्ताही सगळीकडे सारखाच. बदलतो तो घरभाडे भत्ता, गावाच्या वर्गानुसार. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात, सांगली-मिरज-कुपवाड वाय वर्गात, तर सातारा आणि कऱ्हाडसकट अख्खा सातारा जिल्हा झेड वर्गात. जत, आटपाडी, शिराळाही झेडमध्येच. सातव्या वेतन आयोगाचे सुरुवातीचे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे 24, 16 आणि 8 टक्के. महागाई भत्ता 50 टक्क्यांपुढे गेल्यावर लागू होणारे 30, 20 आणि 10. या वरच्या दराने 56,100 वर पुण्यात 16,830, मिरजेत 11,220 आणि कऱ्हाडला 5,610 रुपये होतात. म्हणजे पुणे आणि कऱ्हाड यांत महिन्याला 11,220 चा फरक. पुण्यात बऱ्यापैकी फ्लॅट घेतला की हा फरक भाड्यातच जिरतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रावर हा हिशेब आणखी बदलतो. तिथे मुख्यालयी राहायचं असतं आणि क्वार्टर मिळालं की घरभाडे भत्ता बंद. म्हणून रुजू होण्याआधी क्वार्टर स्वतः जाऊन बघा. पाटण किंवा महाबळेश्वरच्या बाजूला छप्पर आणि भिंतींची ओल बघायची, माण किंवा जतला पाणी कुठून येतं आणि आठवड्यातून किती वेळा येतं ते विचारायचं. राहण्यालायक नसेल तर तसं लेखी घ्या, नाहीतर क्वार्टरही नाही आणि भत्ताही अडकलेला.

एक गैरसमज नेहमी दिसतो. कोयनेच्या आतल्या गावात गेलं की एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळेल, असं अनेकांना वाटतं. ती सवलत आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागासाठी आहे. कोयनेकाठ कितीही दुर्गम असला तरी सातारा आणि सांगली जिल्हे त्यात बसत नाहीत. व्यवसायरोध भत्त्याचंही, म्हणजे खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणाऱ्या भत्त्याचं, नीट समजून घ्या : तो उचलला की संध्याकाळचा खाजगी दवाखाना विसरायचा. कपातीत राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के जातात, आणि व्यवसाय कर महिना 200, फेब्रुवारीत 300.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं वेगळी. एमबीबीएससाठी अनेक जाहिरातींत 60,000 एकत्रित मानधन दिसतं. ते ठोक असतं, त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडंही नाही. त्यामुळे स्वस्त गावात घेतलेलं कंत्राट फायद्याचं, शहरातलं तोट्याचं.

आता खाजगी आरएमओची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या निवासी डॉक्टरची नोकरी. खरी गफलत इथेच होते. आकडे फक्त गणितासाठी घेऊ. पुण्यात 70,000, बारा तासांच्या 26 ड्यूट्या : 312 तास. भाडं 18,000 वजा केलं की 52,000 उरतात, म्हणजे तासाला साधारण 167 रुपये. विट्यात 65,000, चोवीस तासांच्या 10 ड्यूट्या : 240 तास, खोली हॉस्पिटलची. तासाला 271. पण रिलिव्हर, म्हणजे पुढच्या ड्यूटीचा डॉक्टर, आला नाही म्हणून दहाच्या बारा ड्यूट्या झाल्या आणि जादाचे पैसे मिळाले नाहीत, तर तोच दर 226 वर येतो. म्हणून "महिन्याला किती" याच्या आधी "जादा ड्यूटीला किती" हे विचारा.

तालुक्याला दर चढा का? पुण्यात पीजीच्या (पदव्युत्तर) प्रवेशाची तयारी करणारी मुलं लायब्ररीजवळ राहून रात्रपाळ्या करतात, त्यामुळे माणसं मिळतात. मिरजेत 1962 पासून शासकीय महाविद्यालय आहे आणि हॉस्पिटलांची दाटी, तिथेही दर ताणता येत नाही. जत, आटपाडी, दहिवडीला एमबीबीएस टिकत नाही आणि विमा योजनांच्या पॅनलसाठी पात्र डॉक्टर दाखवावा तर लागतो. यातूनच "नुसतं रजिस्ट्रेशन द्या, ड्यूटीला येऊ नका" अशी ऑफर येते. ती घेऊ नका. तुमच्या नावाच्या केसपेपरवर काही घडलं तर जबाबदार तुम्हीच.

महामार्गालगतच्या हॉस्पिटलांत, म्हणजे सातारा-कऱ्हाड पट्ट्यात, अपघाताचे रुग्ण आणि पोलीस केसेस जास्त. त्यात पुढे कोर्टाच्या तारखा येतात, तेही नोकरी सोडून वर्षं झाल्यावर. त्या दिवसाचे पैसे कोण देणार आणि इन्डेम्निटी विम्याचा (रुग्णाने भरपाई मागितली तर उपयोगी पडणारा) हप्ता कोण भरणार, हे दोन्ही आधीच ठरवून घ्या.

पगार म्हणून देतात की व्यावसायिक फी म्हणून, हेही पाहा. फी असेल तर 10 टक्के टीडीएस कापून 65,000 चे 58,500 हातात येतात, पीएफ नाही, आणि सॅलरी स्लिप नसल्याने बँक कर्जाला आढेवेढे घेते. उलट विवरणपत्र भरताना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची सोय मिळते, त्यामुळे कापलेल्यातलं बरंच परत येऊ शकतं. तुमच्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा फॉर्म 26एएस दर तिमाहीला उघडा. कापलेला टीडीएस भरलाच नाही, हे बहुतेकांना विवरणपत्र भरताना कळतं.

स्वतःचा दवाखाना टाकायचा असेल तर महिन्याची सरासरी धरू नका, वर्षाची धरा. वाळवा आणि कऱ्हाडला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांमुळे ओपीडी भरते, उधारी मात्र उसाचं बिल जमा झाल्यावर सुटते. तासगावला द्राक्षाचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. खानापूर-आटपाडीची बरीच घरं गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यामुळे परराज्यात, ती सणाला किंवा यात्रेला गावी येतात. गावातली फी बहुधा औषध-इंजेक्शन धरून असते, म्हणून गल्ल्यातली रक्कम म्हणजे कमाई नव्हे. निदान सहा महिन्यांचं भाडं आणि औषधांचं बिल बाजूला ठेवून मगच पाटी लावा.

कोणत्याही गावात गेलात तरी नेमणुकीच्या ऑर्डरवर ड्यूट्यांची संख्या, जादा ड्यूटीचा दर, पगाराची तारीख आणि नोटिसीचा काळ लिहून घ्या. मूळ डिग्री आणि कौन्सिलचं प्रमाणपत्र दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत कोणाकडे जमा करू नका. बॉन्डचं, म्हणजे सरकारी कॉलेजातून शिकल्यावरच्या सक्तीच्या सेवेचं, एक वर्ष भरायचं असेल तर खाजगी ऑफरवर सही करण्याआधी त्याचा निकाल लावा, कारण ते न केल्यास दंड 10 लाखांचा आहे आणि तो कोणतंही हॉस्पिटल तुमच्यासाठी भरत नाही.