जुन्या मोडी कागदांतील मृत्युपत्र, बक्षिसपत्र आणि वकील कसे ओळखावे

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या वस्त्यांतील मराठी घरांत गायकवाडी अमदानीतील मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आजही निघतात, आणि त्यांतला एखादा कागद म्हणजे पणजोबांचे मृत्युपत्र, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले असते. जाणकाराकडून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिप्यंतर करून घेतल्यावर हे सांगणे क्षणभर बाजूला ठेवावे आणि देणाऱ्याची मालकी नेमकी केव्हा सुटते, एवढेच मजकुरात शोधावे.

हयातीतच मालकी दुसऱ्याकडे गेली असेल तर ते बक्षिसपत्र. पुण्यार्थ ब्राह्मणाला किंवा देवस्थानाला दिले असेल तर दानपत्र. ‘माझे पश्चात’ अशी भाषा असून हयातीत मालकी देणाऱ्याकडेच राहिली असेल आणि केलेली व्यवस्था बदलण्याची मुभा त्याला असेल, तरच ते मृत्युपत्र. मुसलमान घराण्यांतील वसीयतनाम्याला आणखी एक मर्यादा आहे: वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता त्याद्वारे देता येत नाही. अठराव्या शतकातील हिंदू घराण्याच्या कागदाला मृत्युपत्र म्हणताना मात्र फार जपावे. मिताक्षरा या हिंदू धर्मशास्त्रीय ग्रंथानुसार चालणाऱ्या एकत्र कुटुंबात सहभागीदाराला (सामाईक मालमत्तेत हक्क असलेल्याला) आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नव्हता (ही मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिळाली), त्यामुळे निपुत्रिक माणूस बहुधा दत्तकाचा मार्ग धरी आणि कागद दत्तकपत्राचा निघतो.

जमीन इनामाची असेल तर आधी सनद काढावी. तीत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ असे आहे की देणगी हयातीपुरतीच आहे, हे पाहिल्याशिवाय वारसाहक्काची चर्चा व्यर्थ आहे.

काळ ठरवताना शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतील कालगणनेचे वर्ष, पाहावा; तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘सीत अशर मयातैन व अलफ’ म्हणजे सहा, दहा, दोनशे व हजार, एकूण १२१६. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून इसवी सन काढताना जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि त्यापुढे मृगापर्यंत ६०० मिळवावे. अखेरीस ‘साक्ष’ शब्दाखालील नावे, लेखकाचे ‘हस्ताक्षर’ आणि निरक्षर कुणब्याची ‘निशाणी नांगर’ पाहावी. नांगराचे ते चित्र शाईचे फराटे समजून लिप्यंतर करणारा कधी कधी गाळतो.

त्याच रुमालात ‘वकील’ शब्द आला, तर कोर्टातला वकील डोळ्यांसमोर आणू नये. दरबारी पत्रव्यवहारात तो एका दरबाराने दुसऱ्याकडे धाडलेला प्रतिनिधी असतो, मग प्रश्न तहाचा असो वा थकबाकीचा. गायकवाड आणि पेशवे यांच्यातील देण्याघेण्याचा हिशोब मिटवण्यासाठी बडोद्याहून पुण्याला गेलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन हे असेच वकील होते. त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी घेतलेली असूनही जुलै १८१५ मध्ये, म्हणजे वर उलगडलेल्या शुहूर सनाच्या आरंभीच, पंढरपुरात त्यांचा खून झाला. अशा कागदात वकिलाला कोणते अधिकार दिले आहेत, हे तपासावे: केवळ निरोप पोहोचवायचा आहे, की धन्याच्या वतीने करार करायचा आहे? घरगुती व्यवहारात हेच काम मुखत्यारपत्र करते. ते मृत्युपत्राजवळ बांधलेले सापडले, तरी मुखत्याराला वारस समजू नये.

पाठीवरचा शेरा व पोहोचल्याची नोंद सुटू नये म्हणून प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, आणि जमिनीचा वाद चालू असल्यास मूळ प्रत कोणाच्याही हाती न देता प्रथम कायदेतज्ज्ञाला दाखवावी.