चांदणं रंगवायचंय? मग पांढरी ट्यूब आधी लांब ठेवा

मागच्या कोजागरीला ओंकारेश्वराच्या पुलावरून मुठेचा फोटो काढला आणि घरी येऊन जोशात रंगवायला बसलो, चित्र झाल्यावर आई म्हणाली, पापड का काढलायस? बरोबरच होतं, चंद्र पांढराफटक आणि बाकी सगळं नुसतं काळं.

मग चित्रकार अर्खिप कुइंजीचं नीपर नदीवरच्या चांदरातीचं चित्र नीट बघितलं. 1880 साली त्याने रशियात सेंट पीटर्सबर्गला हे एकच चित्र अंधाऱ्या खोलीत, दिव्याच्या उजेडात मांडलं होतं, आणि म्हणे लोक कॅनव्हासच्या मागे दिवा लपवलाय का ते बघायला जायचे. दिवा कुठला, सगळी कमाल अंधाराची. चंद्र एवढासा, त्याचा रंग हिरवट, नदीचा पट्टा पण तसाच, आणि खालची जमीन गरम तपकिरी काळी, तिच्यात झोपडीचा एक लालसर ठिपका. गरम (तपकिरी-लालसर) अंधाराशेजारी थंड (हिरवट-निळसर) उजेड ठेवला की तो पेटतो.

तर करायचं काय, अ‍ॅक्रिलिक घ्या, पावसाळ्यात आपल्याकडे ऑइल वाळता वाळत नाही. आख्ख्या कॅनव्हासवर बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) पातळ हात मारा. काळी ट्यूब उघडायची नाही, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर मिसळून काळं करायचं, आकाशात निळं जास्त, काठावर तपकिरी जास्त. क्षितिज खाली ठेवा, आकाशाला भरपूर जागा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, म्हणून कोपऱ्यात आधी ठिपका मारून बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळंच बुडालेलं असतं.

चंद्र शेवटी. पांढऱ्यात लेमन यलो आणि सुईच्या टोकाएवढं व्हिरिडियन (निळसर हिरवा), बास. पाण्यावर तोच रंग जरा मळवून, कोरड्या ब्रशने आडवे तुटक फटकारे, उभी रेघ ओढलीत की नदीचा नळ होतो (माझा झाला होता). डोळे किलकिले करून बघा, चंद्रापेक्षा उजळ काही दिसलं तर ते लगेच दाबा.

एक मात्र कुइंजीचं उचलू नका, त्याने डांबरी रंग वापरले होते, त्यामुळे चित्र पुढे काळवंडत गेलं.

आणि टांगताना अंधाऱ्या भिंतीवर, एकाच दिव्याखाली. आमच्याकडे फ्रिजशेजारी ट्यूबलाइटखाली टांगलंय, तिथे अजून पापडच दिसतो.