क्रूझ ठरवताना कंपनीच्या आधी जहाज विचारा

ओळखीत कुणाचा क्रूझचा विचार सुरू झाला की मला हमखास विचारतात, "कंपनी कुठली चांगली?" मी उलट विचारते, "बरोबर कोण कोण आहे? आणि जहाज कुठलं?" नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे रंगीत पत्रकापेक्षा मागच्या पानावरची बारीक अक्षरं आधी वाचायची खोड जडली आहे. क्रूझच्या बाबतीत ही खोड कामाला येते.

नावं पुष्कळ दिसतात, पण मालक मोजके. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कुनार्ड, कोस्टा ही सगळी एकाच कार्निव्हल कॉर्पोरेशनची. रॉयल कॅरिबियनच्या समूहात सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी, नॉर्वेजियनच्या समूहात ओशनिया आणि रीजेंट. एमएससी वेगळी, खासगी मालकीची. मालक एक म्हणून अनुभव एक, असं मात्र समजू नका. कार्निव्हलवर दंगा, संगीत, मुलाबाळांचा गलका. त्याच घरातल्या हॉलंड अमेरिकेवर वयस्क प्रवासी जास्त आणि संध्याकाळ निवांत. एकाच कंपनीच्या दोन जहाजांतही जमीन-अस्मानाचं अंतर असतं. रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' २०२४ साली सुरू झालं, त्यावर पाण्याच्या घसरगुंड्यांचं अख्खं उद्यान आहे. 'ग्रँडिअर ऑफ द सीज' १९९६ सालचं, साधारण दोन हजार प्रवाशांचं. कंपनीचं नाव तेच, पण सुट्टी अगदी निराळी. म्हणून चौकशी जहाजाच्या नावानं करा, आणि जुनं असेल तर शेवटची मोठी डागडुजी कधी झाली तेही विचारा.

आता माझा आवडता आकडा. प्रत्येक जहाजाचं 'ग्रॉस टनेज' जाहीर असतं. हे वजन नव्हे. जहाजाच्या बंदिस्त जागेवरून काढलेलं माप आहे. त्याला प्रवासीसंख्येनं भागा, म्हणजे माणशी किती जागा येते याचा अंदाज मिळतो. 'कार्निव्हल व्हिस्टा'चं उत्तर ३४ च्या आसपास येतं, 'व्हायकिंग स्टार'चं ५१, कुनार्डच्या 'क्वीन मेरी २'चं ५५. 'आयकॉन'चं टनेज २,४८,६६३ आणि प्रवासी ५,६१०, म्हणजे ४४. छान वाटतं ना? पण ही प्रवासीसंख्या एका केबिनमध्ये दोघं धरून काढलेली असते. शाळांना सुट्ट्या लागल्या की त्याच केबिनमध्ये तिसरा-चौथा पलंग उघडतो. 'आयकॉन' काठोकाठ भरलं तर ७,६०० प्रवासी मावतात, आणि ४४ चे ३३ सुद्धा राहत नाहीत. तेव्हा भागाकार करताना आपण कुठल्या महिन्यात जाणार ते आधी बघा. गर्दी चालत असेल तर हा आकडा खुशाल सोडून द्या. मला चालत नाही.

बरोबर कोण आहे यावर अर्ध्या कंपन्या आपोआप गळतात. लहान मुलं असतील तर त्यांच्या क्लबचं किमान वय बघा. बहुतेक ठिकाणी ते तीन वर्षं असतं, आणि मूल डायपरमधून सुटलेलं लागतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक मोठ्या कंपन्या घेत नाहीत, लांबच्या समुद्री प्रवासाला तर वर्ष पूर्ण लागतं. गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागणार असेल तर बहुतेक जहाजांवर प्रवेशच नाही, आणि हे तिकीट काढताना कुणी आपणहून सांगत नाही. मुलांचा गलका नको असेल तर व्हायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस अठराच्या खालच्यांना घेतच नाहीत. त्यातही व्हायकिंगवर कसिनो नाही आणि एकूण शांतता. व्हर्जिनवर रात्री उशिरापर्यंत धमाल. एकट्यानं जायचं असेल तर बहुतेक कंपन्या रिकाम्या पलंगाचंही भाडं लावतात, कधी कधी पुरं दुप्पट. नॉर्वेजियननं २०१० साली 'एपिक' जहाजावर एकट्यांसाठी छोट्या केबिन आणल्या. तशा कुठे मिळतात का ते आधी पाहावं.

मग बंदरं. इथे कागदावरचं शहर आणि प्रत्यक्ष धक्का यांत बरंच अंतर असतं. 'रोम' म्हणजे चिव्हितावेक्किया, 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे. शेवटच्या दोन ठिकाणी नुसतं जाण्यायेण्यात पाच-सहा तास जातात. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' लिहिलेली सफर दूरच्या दुसऱ्याच बंदरातून सुटू शकते. म्हणून बंदराचं खरं नाव आणि तिथे थांबायचे तास, दोन्ही लिहून घ्या. जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवणार, हेही विचारा. गुडघे दुखत असतील किंवा व्हीलचेअर असेल तर यावरच किनारा दिसेल की नाही ते ठरतं. अंटार्क्टिकाचा तर नियमच आहे: पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरवत नाहीत, आणि एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं. मोठ्या जहाजातून स्वस्तात गेलात तर पेंग्विन कठड्यावरूनच बघावे लागतील.

भाड्याकडे आता या, आधी नको. एका कागदावर कंपन्यांची नावं आडवी मांडा आणि उभ्या रकान्यात लिहा: मूळ भाडं, बंदर-शुल्क व कर, रोजची टिप, पेयं, इंटरनेट, पैसे देऊन जेवायची उपाहारगृहं, किनाऱ्यावरच्या सहली. टिप बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी, रोजच्या हिशेबानं आपोआप लावतात, लहान मुलांनाही. पेयांचं पॅकेज एकानं घेतलं तर त्याच केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं, अशी अट अनेक ठिकाणी असते. घरात एकच पिणारा असेल तर हे फार महागात पडतं. रीजेंटचं भाडं पाहून दचकायला होतं, पण त्यात पेयं, टिप आणि बऱ्याच सहली धरलेल्या असतात. व्हायकिंग प्रत्येक बंदरात एक सहल देते. सगळे रकाने भरून बेरीज केली की स्वस्त आणि महाग यांतलं अंतर पुष्कळदा निम्म्यावर येतं. कधी येतही नाही, पण मग निदान कशाचे पैसे देतोय ते कळतं.

केबिनचं थोडक्यात. बोट लागत असेल तर खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी घ्या, तिथे हेलकावे कमी. डेकचा नकाशा उघडून वर-खाली काय आहे ते बघा. वर केबिनच असतील तर उत्तम, पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खिडकी स्वस्तात मिळत असेल तर समोर जीवरक्षक नौका टांगलेली नाही ना, एवढं विचारा.

स्वच्छतेसाठी लोकांच्या शेऱ्यांवर विसंबू नका. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही सरकारी संस्था तपासणी करते आणि शंभरपैकी गुण जाहीर करते. ८६ च्या खाली म्हणजे नापास. जहाजाचं नाव घालून कुणीही पाहू शकतं.

पैसे भरण्याआधी करार वाचाच. एखादं बंदर गाळायचा, क्रम बदलायचा हक्क कंपनी स्वतःकडे राखून ठेवते, आणि त्यासाठी भरपाई मिळेलच असं नाही. एकाच बंदरासाठी सफर घेत असाल तर हा धोका मोठा. समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरणारा विमा घ्या. विमानानं जाणार असाल तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचा. उरलेली रक्कम भरायची शेवटची तारीख सहसा प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी असते. ती कॅलेंडरवर लिहा आणि त्याआधीच्या आठवड्यात त्याच केबिनचं भाडं पुन्हा काढून बघा. उतरलं असेल तर फोन करून फरक मागा. आपण मागितल्याशिवाय तो सहसा कुणी देत नाही.