खेळाडूचा कोच होताना या चुका टाळा

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, कुठल्याही मैदानावर उन्हाळी शिबिराच्या दिवसांत फुटबॉलचे एक-दोन नवे कोच दिसतात. कालपर्यंत विद्यापीठाकडून नाहीतर क्लबकडून खेळलेले, तिशी उलटली किंवा गुडघा साथ देईना म्हणून शिट्टीकडे वळलेले. नाव असतं, पायात खेळ असतो, लेकरं मागे-मागे फिरतात. पण दिवाळीपर्यंत वीस पोरांची आठ होतात आणि संघ जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत घरी येतो. दर वर्षी चुका त्याच असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सरावात स्वतः खेळणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, आणि ती सगळ्यांना गोड वाटते. संध्याकाळी दोन संघ पाडले जातात, एका बाजूला एक पोरगा कमी पडतो, सर बूट घालून मधल्या फळीत उतरतात. दहा मिनिटांत काय होतं ते नीट बघा. बॉल मिळाला की प्रत्येक पोरगा आधी सरांना शोधतो. डाव्या बाजूचा पोरगा मोकळा उभा असतो, हात वर करतो, त्याला बॉल जात नाही. सर दोघांना चकवून सुंदर पास देतात, गोल होतो, टाळ्या पडतात. पुढे खऱ्या सामन्यात मैदानावर सर नसतात आणि पोरं त्याच रिकाम्या जागी बॉल मारतात.

शिवाय आत असताना कोचला बॉल आणि आजूबाजूची चार माणसं एवढंच दिसतं. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात पंचवीस मीटरची दरी पडली आहे, राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, वर जाऊन परत येतच नाही, हे बाहेरून दिसतं. खेळाडूची नजर बॉलवर बसलेली असते आणि ती मोडायला वेळ लागतो. त्यासाठी पहिले तीन महिने स्टडचे बूट घरीच ठेवा, साध्या बुटांत या. सराव सामन्याची पहिली दहा मिनिटं गोलच्या मागे कोपऱ्यात उभं राहा आणि गप्प राहा. मग एकच पोरगा निवडा आणि पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, बॉल त्याच्याजवळ नसतानाही. जे दिसेल ते वहीत एका ओळीत लिहा. पोरगा कमी पडत असेल तर सहा विरुद्ध पाच खेळवा, नाहीतर पोरांपैकीच एकाला जोकर करा, बॉल ज्यांच्याकडे त्यांच्याकडून तो खेळेल.

करून दाखवायचं असेल तर दोन-तीन वेळा दाखवा आणि बाजूला व्हा. एखाद्या पोराला करायला लावलं तर त्याहून चांगलं. सरांना जमतं यात कुणाला नवल नसतं, शेजारच्याला जमलं की बाकीचे जीव लावून करतात.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे "अरे पास नीट दे ना!" नीट म्हणजे काय? चांगल्या खेळाडूने हे पंधरा-वीस वर्षं विचार न करता केलेलं असतं, त्यामुळे त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. बसून उलगडून लिहा: टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, त्याचा अंगठा जिकडे पास द्यायचा तिकडे, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट, पायाच्या आतल्या बाजूने बॉलच्या मधोमध. बॉल येण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर. यातली एका सरावात एकच गोष्ट घ्या. पाचही एकदम सांगितल्या तर एकही राहत नाही.

रांगा

वीस पोरं, एक गोल, एक रांग. एकाला शॉटसाठी पंधरा सेकंद धरले तर पुन्हा नंबर यायला पाच मिनिटं लागतात. अर्ध्या तासात वाट्याला सहा शॉट येतात, बाकी वेळ रांगेत ढकलाढकली. पोरं कमी का होतात याचं मोठं कारण इथेच आहे.

त्याऐवजी पाच-पाचचे चार गट करा. आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध एक, चौघांनी पास द्यायचे, एकाने बॉल हिसकावायचा, दहा मिनिटं. मग तीस बाय वीस मीटरची दोन मैदानं फक्कीने आखा, दोन-दोन मीटरवर कोन ठेवून गोल करा आणि पाच विरुद्ध पाच खेळवा. चार मिनिटं खेळ, एक मिनिट पाणी, अशा सहा फेऱ्या. यात पोरगा शंभरदा बॉलजवळ जातो. खर्च काय? वीस कोन, दहा बिब (संघ ओळखायला वरून घालायच्या रंगीत बंड्या), थोडी फक्की.

थेट मोठा संघ मागणं

निवृत्त झाल्या-झाल्या कॉलेजचा किंवा जिल्ह्याचा मोठा संघ हवा असतो. बारा वर्षांखालची लेकरं घ्या म्हटलं की कमीपणा वाटतो. ही घाई मला अजिबात पटत नाही. गॅरी नेव्हिलचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. मँचेस्टर युनायटेडमध्ये सगळी कारकीर्द घालवलेला, इंग्लंडच्या संघात साहाय्यक प्रशिक्षक असलेला माणूस. मुख्य प्रशिक्षक म्हणून एकही सामना नावावर नसताना डिसेंबर २०१५ मध्ये त्याने स्पेनचा व्हॅलेन्सिया संघ हातात घेतला. स्पॅनिश येत नव्हतं. फेब्रुवारीत बार्सिलोनाकडून ७-० हार आणि ३० मार्च २०१६ ला नोकरी गेली. चार महिनेही झाले नव्हते. त्याला फुटबॉल कळत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. रोज पंचवीस माणसांसमोर उभं राहून सराव घेणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहणं, हे त्याने लहान जागी शिकून घेतलं नव्हतं.

याउलट पुढे मोठे कोच झालेले बघा. बार्सिलोनाचा माजी खेळाडू ग्वार्डिओला २००७ मध्ये त्याच क्लबच्या ब संघाकडे गेला, तेव्हा तो संघ स्पेनच्या चौथ्या श्रेणीत होता. फ्रान्सचा माजी खेळाडू झिदान आधी रिअल माद्रिदच्या कास्टिया या राखीव संघात घडला. आपल्याकडे खालिद जमील २००९ पासून कित्येक हंगाम मुंबई एफसीमध्येच राबले, मग २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही देशातली क्लब स्पर्धा जिंकून दिली, आणि २०२५ मध्ये भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

तेव्हा एक पूर्ण हंगाम १४ वर्षांखालचा शालेय संघ घ्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती वाट आहे आणि बहुतेक ठिकाणी बाद पद्धत, एक हार की वर्ष संपलं. पुढचा हंगाम एखाद्या अनुभवी कोचच्या हाताखाली काढा.

आणखी काही, थोडक्यात

कोचिंगच्या लायसन्सला फाटा देऊ नका. भारतीय फुटबॉल महासंघाचं डी, मग आशियाई महासंघाचं सी, बी, ए आणि प्रो अशी पायरी आहे. राज्यात विफा या फुटबॉल संघटनेकडे चौकशी करा.

उंची बघून निवड करू नका. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारी आणि डिसेंबरमध्ये जन्मलेल्या पोरांत जवळपास वर्षाचा फरक असतो. तेराव्या वर्षी तो फरक कौशल्यासारखा दिसतो.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला सुरू करा, आठच्या आत संपवा. दर वीस मिनिटांनी माणशी २०० मिलिलिटर पाणी द्या. दीड तासात माणशी साधारण एक लिटर, म्हणजे वीस पोरांना एक जार लागतो. एका घागरीवर भागवू नका.

काळ्या मातीत पाऊस पडल्यावर बुटाला चिखल चिकटतोय तोवर खेळवू नका; घोटे मुरगळतात आणि वाळल्यावर ग्राउंड उंचसखल होतं. उन्हाळ्यात भेगा पडल्या की आधी चालून बघा आणि मुरूम टाका.

बॉल दगडासारखा फुगवू नका. नियमात हवेचा दाब ०.६ ते १.१ बार चालतो. कडक जमिनीवर ०.७ च्या आसपास ठेवा. सुई ओली करूनच घाला. १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा बॉल.

वॉर्मअपला मैदानाला दोन फेऱ्या पुरत नाहीत. दुखापती टाळण्यासाठीचा फिफाचा ११ प्लस हा कार्यक्रम वीस मिनिटांचा आहे, आठवड्यातून किमान दोनदा घ्या.

आपल्याच क्लबचा कोच झाल्यावर

काल ज्यांच्याबरोबर टपरीवर चहा घेतला, त्यांनाच आज बाकावर बसवायचं असतं. नवे कोच इथे दोन टोकं गाठतात. एक तर जुन्या दोस्तांना हातच लावत नाहीत, नाहीतर "आता सर म्हणा" असा हट्ट धरतात. दोन्हींनी ड्रेसिंग रूम फुटते. तो तुम्हाला 'भाऊ' म्हणाला तर म्हणू द्या. ज्याला बाहेर ठेवणार आहात त्याला यादी लागायच्या आदल्या दिवशी एकट्याला गाठा, कारण एका वाक्यात सांगा: "मागच्या दोन सामन्यांत बॉल गेल्यावर तू परत धावला नाहीस." परत यायला काय करावं लागेल तेही सांगा. व्हॉट्सअॅपवर यादी टाकून मोकळं होऊ नका. आणि त्याने पुढच्या आठवड्यात ते करून दाखवलं, तर त्याला खेळवा.